बचतीचे युनिट आणि कर्जाचा रुपया

ऊर्जा कार्यक्षमता म्हणजे तेच काम कमी ऊर्जेत उरकणे. सार्वजनिक कर्ज म्हणजे सरकारने आजवर घेतलेल्या आणि अजून न फेडलेल्या पैशांची बेरीज. विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांत हे दोन विषय वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. पहिल्याचा अभ्यासक पंप, भट्टी, दिवा आणि ते विकत घेणाऱ्या माणसाची निवड पाहतो. दुसरा अर्थसंकल्पाची पुस्तके, रोखे, व्याजदर आणि हमीपत्रे चाळतो. दोन्हींवर सारख्याच ताकदीने काम करणारा अर्थतज्ज्ञ विरळा. महाराष्ट्रात मात्र या दोन खोल्यांमधली भिंत फार पातळ आहे. राज्याच्या तिजोरीवरचा एक जुना आणि चिवट भार विजेतून येतो, आणि त्यातला मोठा वाटा वाया जाणाऱ्या किंवा मोजलीच न जाणाऱ्या विजेचा असतो. या जोड-प्रश्नाची चर्चा कुठून निघाली, आज कुठे आहे आणि कुठे अडली आहे, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

खोपोलीचे पाणी

महाराष्ट्रातील मोठ्या वीजनिर्मितीच्या अर्थकारणाची सुरुवात खोपोलीच्या खालापूर तालुक्यात झाली. लोणावळ्याच्या माथ्यावरील तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून लोखंडी नळांतून खोपोलीला उतरवून १९१५ साली टाटांच्या जलविद्युत केंद्राने मुंबईच्या गिरण्यांना वीज देणे सुरू केले. पुढे कर्जत तालुक्यात भिवपुरी (१९२२) आणि माणगावच्या बाजूला भिरा (१९२७) ही केंद्रे आली. या कामांसाठी सरकारने कर्ज काढले नव्हते. भांडवल देशी संस्थानिकांनी आणि गुंतवणूकदारांनी घातले होते. वापरणारा गिरणीमालक पूर्ण दाम मोजत होता. कोळशापेक्षा वीज स्वस्त पडते म्हणूनच तो ती घेत होता.

केंद्रातून सुटलेल्या पाण्याचे पुढे काय होते, तेही लक्षात घ्यावे. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळते आणि त्या नदीवर कारखान्यांची वसाहत जगते. भिवपुरीचे पाणी राजनाल्यातून कर्जतच्या उन्हाळी भातखाचरांत शिरते. तिथे शेतकऱ्याला पंपाचे बटण दाबावे लागत नाही. पाणी आपल्या उताराने बांधावरून बांधावर जाते. एकाच पाण्यातून आधी वीज आणि मग भात काढणारी ही व्यवस्था कार्यक्षमतेचे जुने उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकात घालायला हरकत नाही. राज्याच्या इतर भागांत चित्र याच्या नेमके उलट झाले. तिथे पाणी जमिनीखाली होते आणि ते वर काढायला वीज लागत होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांना वीज मंडळे काढण्याची वाट करून दिली. महाराष्ट्राचे मंडळ १९६० साली, राज्याबरोबरच उभे राहिले. मंडळाच्या भांडवलाचा मोठा भाग म्हणजे राज्य सरकारने दिलेले कर्ज, आणि राज्याने ते स्वतः कर्ज काढून दिलेले. वीज आणि सार्वजनिक कर्ज यांची गाठ इथे पडली.

दोन अर्थतज्ज्ञ, दोन धागे

मराठी अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात हे दोन्ही धागे फार लवकर दिसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठातील त्यांच्या संशोधनाचे ते फलित होते. त्यातील मध्यवर्ती निष्कर्ष आजही चर्चेत उपयोगी पडतो: प्रांतांचे स्वतंत्र वित्त म्हणून जे दाखवले जात होते, ते प्रत्यक्षात मध्यवर्ती सरकारने वाटून दिलेल्या रकमांचे हिशेब होते. खर्चाची जबाबदारी एकाकडे आणि उत्पन्नाचा अधिकार दुसऱ्याकडे, अशी ती रचना होती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरखाते सांभाळताना विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वीजविषयक समितीचे अध्यक्षपद भूषवताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक वीज ही औद्योगिकीकरणाची पूर्वअट मानली, आणि वीजनिर्मितीची मालकी शासनाची असावी की खासगी, हा प्रश्न समितीपुढे ठेवला. प्रांतिक वित्ताचा अभ्यासक आणि विजेच्या धोरणाचा कर्ता एकच असण्याचे दुसरे उदाहरण शोधूनही सापडायचे नाही.

दुसरे नाव धनंजयराव गाडगीळांचे. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांवरील त्यांच्या १९४८ च्या अभ्यासाने सार्वजनिक खर्चाचे मूल्यमापन कसे करावे, याचा भारतातला पाया घातला. कालव्याची पाणीपट्टी खर्च भरून काढते की नाही, एवढेच न पाहता गुऱ्हाळे, साखर कारखाने, मजुरी, बाजारपेठा अशा अप्रत्यक्ष लाभांची मोजदाद त्यांनी केली. शेतीच्या विजेला अनुदान द्यावे असे म्हणणारे आजही, कळत-नकळत, याच पद्धतीचा आधार घेतात. गाडगीळांचे नाव मात्र सर्वसामान्यांना ठाऊक आहे ते १९६९ च्या सूत्रामुळे. योजनेसाठी केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या मदतीचे वाटप त्या सूत्राने होऊ लागले आणि सर्वसाधारण राज्यांसाठी त्या मदतीत ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज असे प्रमाण ठरले. म्हणजे राज्याने विकासाची योजना जितकी मोठी आखावी, तितके त्याचे केंद्राकडील कर्ज आपोआप फुगत जावे. बाराव्या वित्त आयोगानंतर, २००५ च्या सुमारास, ही पद्धत थांबली आणि राज्ये थेट बाजारातून कर्ज उभारू लागली.

पंपाभोवतीचा वाद

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. मीटर वाचायला गावोगाव माणूस पाठवण्याचा खर्च वाचला, हे त्यामागचे कारण होते आणि ते त्या काळी खोटेही नव्हते. पण त्याच निर्णयाने दोन गोष्टी घडल्या. पंप तासभर चालवला काय किंवा रात्रभर चालवला काय, शेतकऱ्याचे बिल तेच राहिले. आणि शेतीत नेमकी किती वीज जाते, हे कळण्याचा मार्गच बंद झाला.

यानंतरचा सारा वाद या दुसऱ्या गोष्टीभोवती फिरतो. मंडळाच्या हिशेबात एकूण वीज वजा मीटरवर मोजलेली वीज केली की जे उरते, ते दोन खान्यांत वाटायचे असते: शेती आणि गळती. दोन्हींपैकी एकही मोजलेले नसल्याने वाटप अंदाजाने होते. शेतीचा आकडा वाढवला की गळती आपोआप कमी दिसते आणि अनुदानाची मागणी वाढते. नव्वदच्या दशकात मंडळ गळती १८ टक्क्यांच्या आसपास दाखवत होते. १९९९ साली राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला, २००० मध्ये त्याने पहिली दरसुनावणी घेतली, आणि ती गळती प्रत्यक्षात ३० टक्क्यांच्या आसपास आहे हे उघड झाले. वीस वर्षांनी, २०२० च्या दरआदेशाच्या वेळीही शेतीचा वापर फुगवलेला असल्याचा प्रश्न पुन्हा आयोगापुढे आला आणि आकडे पुन्हा दुरुस्त करावे लागले.

या विषयावर महाराष्ट्रात सर्वांत सातत्याने काम झाले ते विद्यापीठांबाहेर. पुण्याच्या प्रयास संस्थेतील गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचे तांत्रिक-आर्थिक विश्लेषण केले. पुढच्याच वर्षी शेतीपंपांच्या अनुदानाचा लाभ नेमका कोणाला होतो, हे संत आणि शंतनू दीक्षित यांनी तपासले. अश्वशक्तीच्या दरात अनुदान विजेच्या वापरानुसार मिळते. ज्याच्याकडे पाणी आणि मोठा पंप, त्याला मोठे अनुदान. कोरडवाहू शेतकरी या हिशेबात बसतच नाही. सर्वांत कमी खर्चाचा वीज आराखडा मांडताना या गटाने नवीन केंद्रांच्या बरोबरीने बचतीलाही एक स्रोत मानले. हीच मांडणी कर्नाटकासाठी अमूल्य रेड्डींनी त्याआधी केली होती.

एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाने कर्जाच्या चर्चेत एक नवा शब्द आणला: हमी. वीज मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य देईल, राज्याने दिले नाहीत तर केंद्र देईल, अशी ती साखळी होती. अर्थसंकल्पातील कर्जाच्या रकान्यात यातला एकही रुपया दिसत नव्हता. २००१ साली मंडळाने वीज घेणे थांबवले तेव्हा न दिसणारे कर्ज दिसू लागले. माधव गोडबोले समितीच्या अहवालाने करारातील त्रुटी त्याच वर्षी सविस्तर नोंदवल्या. तेव्हापासून राज्यांच्या कर्जाचा गंभीर अभ्यास हमीच्या रकमा बाजूला ठेवून करता येत नाही.

कार्यक्षमतेविषयीच्या भूमिका

पहिली भूमिका अभियंत्यांची. तिचा आधार मोजमाप आहे. महाराष्ट्रातील सर्वसाधारण शेतीपंपाची कार्यक्षमता २५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान आढळते. चांगला पंप, कमी अडथळ्याचा फूट व्हॉल्व्ह आणि योग्य व्यासाचा पाइप यांनी ती बरीच वाढवता येते. ती इतकी कमी असण्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. व्होल्टेज कमी मिळते, मोटर जळते, आणि तालुक्याच्या गावातला रिवाइंडिंगवाला पुढच्या वेळी ती जळू नये म्हणून जाड तार भरतो. मोटर टिकते, वीज जास्त खाते. ज्याला बिल अश्वशक्तीवर येते, त्याच्या दृष्टीने रिवाइंडिंगवाल्याने उत्तम काम केलेले असते. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागात केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या पथदर्शी प्रकल्पात २,२०९ पंप बदलले गेले आणि वर्षाला सुमारे ६० लाख युनिटांच्या बचतीचा अंदाज मांडला गेला. असे पंप राज्यभर बदलले तर एखाद्या नव्या केंद्राची गरज उरणार नाही, असा या भूमिकेचा निष्कर्ष.

दुसरी भूमिका शंकेखोर अर्थतज्ज्ञांची. तिचा जुना आधार विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांचा. १८६५ साली त्यांनी दाखवले की वाफेचे इंजिन सुधारल्याने इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट अधिक जळला. काम स्वस्त झाले म्हणून कामच वाढले; हाच उलट-परिणाम. नव्या काळात मिशिगनमधील सुमारे तीस हजार घरांवर मेरेडिथ फाउली, मायकल ग्रीनस्टोन आणि कॅथरिन वुल्फ्रम यांनी केलेल्या अभ्यासात अभियंत्यांनी सांगितलेली बचत प्रत्यक्षाच्या तिपटीहून अधिक निघाली. याउलट केनेथ गिलिंगहॅम आणि इतरांनी उलट-परिणामाचा बाऊ केला जातो, तो एकूण बचतीचा लहान भागच खातो, असे मांडले. दोन्ही बाजूंचे पुरावे मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत. महाराष्ट्रातील विहिरीवर जेव्हन्सचे म्हणणे अधिक लागू पडण्याची शक्यता दिसते, कारण तिथे अडथळा विजेच्या दराचा नसून आठ तासांच्या पुरवठ्याचा असतो. चांगल्या पंपाने आठ तासांत जास्त पाणी येईल. ते पाणी ऊस पिईल. वीज वाचणार नाही, भूजल मात्र उतरेल.

तिसरी भूमिका संस्थात्मक. तिच्या मते पंप चांगला की वाईट हा दुय्यम मुद्दा आहे. बदल करणाऱ्याला त्यातून काही मिळते का, हा खरा. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ब्युरो २००२ पासून आहे, तारांकित लेबले २००६ पासून. ही व्यवस्था जिथे ग्राहक बिल भरतो तिथे चालली. एलईडी दिव्यांच्या उजाला योजनेत घाऊक खरेदीने एका दिव्याची किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली आणि देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे गेले, तेही अर्थसंकल्पातून अनुदान न घेता. मोठ्या कारखान्यांसाठीच्या पॅट योजनेच्या २०१२ ते २०१५ या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतील ४७८ उद्योगांनी उद्दिष्टापेक्षा जास्त, सुमारे ८६.७ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवली. खोपोलीच्या आसपासच्या लहान रोलिंग मिलसारखे उद्योग या योजनेच्या उंबरठ्याखाली राहतात, हे तिच्या मर्यादेचे जवळचे उदाहरण.

कर्जाविषयीच्या भूमिका

कर्जाची चर्चा वरवर अधिक परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात. एका बाजूला मर्यादेचे पुरस्कर्ते. केंद्राचा वित्तीय उत्तरदायित्व कायदा २००३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. एन. के. सिंह समितीने २०१७ साली देशासाठी उत्पन्नाच्या ६० टक्के कर्जमर्यादा सुचवली आणि त्यातला २० टक्के वाटा राज्यांचा धरला. जगाच्या पातळीवर कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधाने कर्ज ९० टक्क्यांवर गेले की वाढ खुंटते असे सुचवले; तीन वर्षांनी हर्न्डन, ॲश आणि पॉलिन यांनी त्यातील हिशेबाच्या चुका दाखवल्यावर तो आकडा मागे पडला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे १९४४ च्या एव्हसी डोमार यांच्या मांडणीपासून चालत आलेले आणि २०१९ साली ऑलिव्हिए ब्लॅन्शार यांनी नव्याने उभे केलेले: व्याजदर वाढीच्या दरापेक्षा कमी असेल तर कर्जाचे प्रमाण आपोआप आटोक्यात राहते, पैसा कशावर खर्च होतो ते पाहा.

महाराष्ट्राचे आकडे दोन्ही बाजूंना पुरावा देतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात वर्षअखेरचे कर्ज सुमारे ९.३२ लाख कोटी रुपये अंदाजले होते, राज्याच्या उत्पन्नाच्या १९ टक्क्यांहून किंचित कमी. सिंह समितीच्या मापाने राज्य मर्यादेत बसते. पण त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५,९०० कोटी होती, म्हणजे कर्जाचा एक भाग रोजच्या खर्चासाठीच. ब्लॅन्शार यांच्या कसोटीवर नेमका हाच भाग अडचणीचा ठरतो.

तिसरा मुद्दा हिशेबाबाहेरच्या कर्जाचा, आणि वीज तिथेच दडते. वितरण कंपन्यांचे साचलेले कर्ज राज्यांनी आपल्या अंगावर घ्यावे, यासाठी केंद्राने २०१५ साली उदय योजना आणली. महाराष्ट्र त्यात २०१६ मध्ये सामील झाला. योजनेनुसार ७५ टक्के कर्ज राज्याच्या वहीत यायचे होते. कंपनीचे कर्ज घटले, राज्याचे वाढले, एकूण जिथल्या तिथे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने वीज क्षेत्रात सुधारणा करणाऱ्या राज्यांना उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतके जादा कर्ज काढण्याची सवलत २०२१ पासून चार वर्षे मिळाली. सुधारणेचे बक्षीस म्हणून कर्ज, ही रचना कुणाला मुत्सद्दी वाटेल, कुणाला विनोदी. महामंडळांनी घेतलेले पण राज्याच्या तिजोरीतून फेडले जाणारे कर्ज राज्याचेच मानायचे, असे केंद्राने २०२२ साली ठरवले. राज्यघटनेच्या कलम २९३ खालील हा अधिकार कितपत ताणता येतो, यावर केरळने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. आंबेडकरांनी १९२५ मध्ये टिपलेला जबाबदारी आणि अधिकार यांचा विसंवाद शंभर वर्षांनी तिथे पुन्हा मांडला जात आहे.

बचत कोणत्या टोकाला

दोन्ही साहित्ये वेगवेगळी वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते ती गोष्ट एखाद्या कारखान्याच्या बिलावर दिसते. खालापूर तालुक्यातील कुंभिवलीसारख्या औद्योगिक पट्ट्यातले उच्चदाब बिल घ्यावे. त्यावर मागणी आकार असतो, ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि वीज विक्री कर. पॉवर फॅक्टर चांगला असेल तर सवलत, वाईट असेल तर दंड, अशी रीत २०२० पर्यंत होती. ‘शेतीसाठी जादा’ अशी ओळ मात्र कुठेच नसते; ती ऊर्जा आकाराच्या पोटात असते. उद्योग आणि व्यापारी ग्राहक पुरवठ्याच्या खर्चापेक्षा जास्त दर देतात, त्या वरच्या रकमेतून शेतीची तूट अंशतः भरली जाते, आणि उरलेली राज्याच्या तिजोरीतून. वीज शुल्क थेट त्याच तिजोरीत जमा होते.

आता याच कारखान्याने नवीन मोटरी बसवल्या, छतावर सौर पट्ट्या टाकल्या, आणि महिन्याचे युनिट कमी केले. मालकाचे बिल घटले. महावितरण या राज्याच्या वितरण कंपनीचा खर्चही घटला, पण उत्पन्न त्याहून जास्त घटले. शेतीची तूट तेवढीच राहिली आणि ती भरणारा हात आखडला. फरक शेवटी राज्याच्या अनुदानात किंवा कंपनीच्या कर्जात जाऊन बसतो. वीज शुल्कही कमी येते. याउलट हेच युनिट शेतीपंपावर वाचले असते तर तूट घटली असती आणि मोकळी झालेली वीज पूर्ण दराने विकता आली असती. देशाच्या दृष्टीने दोन्ही बचती सारख्या, कोळसा दोन्हींत वाचतो. राज्याच्या कर्जाच्या दृष्टीने एक बचत कर्ज फेडते आणि दुसरी ते वाढवते. आणि व्यवहारात बचत नेमकी त्या टोकाला होते जिथे दर जास्त आहे, कारण वाचवण्याची गरज तिथल्यालाच वाटते.

यावर उत्तर म्हणून दर खर्चाइतके आणावेत, हे पाठ्यपुस्तकी सूत्र. त्याला विरोध करणारे दोन आक्षेप घेतात आणि दोन्ही वजनदार आहेत. एक, हमीभाव, निर्यातबंदी आणि लहरी पाऊस यांत सापडलेल्या शेतकऱ्याला विजेचा खरा दर लावणे म्हणजे बाकीच्या विकृती तशाच ठेवून एकच सरळ करणे. दोन, थकबाकीचा अनुभव. दर लावला म्हणून पैसे येत नाहीत: २०२० चे कृषिपंप धोरण आले तेव्हा शेतीची थकबाकी ४५ हजार कोटींच्या आसपास होती.

बचतीसाठी कर्ज काढावे की नाही, हा या चर्चेचा आणखी एक फाटा. रस्त्यावरचे दिवे बदलणारी कंपनी पैसे घालते आणि नगरपालिका वाचलेल्या बिलातून ते सात वर्षांत फेडते, ही पद्धत भारतात रुळली. हे पालिकेचे कर्ज मानायचे का? युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१७ मध्ये यासाठी नियम बदलले. जोखीम आणि लाभ मुख्यतः ठेकेदाराकडे असतील तर तो करार सार्वजनिक कर्जात धरू नये, असे ठरले आणि शाळा-रुग्णालयांच्या दुरुस्तीला वाट मिळाली. टीकाकारांच्या मते हा दाभोळच्या हमीचाच सभ्य अवतार आहे. भारतात अडचण वेगळी निघाली: वीज वाचली, पण स्थानिक संस्थांनी कंपनीचे हप्तेच थकवले.

सूर्य आणि मोफत वीज

२०१७ साली सुरू झालेली आणि २०२३ मध्ये नव्याने हाती घेतलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना वादाची दिशा बदलू पाहते. शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करून उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पातून त्यांना दिवसा वीज द्यायची, आणि ती सुमारे तीन रुपये युनिटने मिळवायची. समर्थकांच्या मते पंपाची कार्यक्षमता हा प्रश्नच यामुळे मागे पडतो. वीज इतकी स्वस्त झाली की ती वाया गेली तरी तिजोरीला परवडते. शिवाय रात्री-अपरात्री साप-विंचवांत पाणी धरायला जाणे सुटते, आणि हा लाभ कोणत्याही हिशेबवहीत येत नाही. शंका घेणारे दोन गोष्टींकडे बोट दाखवतात. प्रकल्पांचे वीस-पंचवीस वर्षांचे खरेदी करार हे कंपनीवरचे दीर्घ दायित्व आहे. आणि दिवसा, भरवशाची, फुकट वीज मिळाली की भूजलाचे काय, याचे उत्तर विजेच्या अर्थशास्त्रात नाही.

फुकट हा शब्द २०२४ पासून अधिकृत आहे. २००४ च्या निवडणुकीआधी जाहीर झालेली शेतीची मोफत वीज पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली होती. २०२४ च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांचे बिल माफ केले. तिचा वार्षिक भार १४,७६० कोटी रुपये. त्यातले ६,९८५ कोटी आधीपासूनच दरसवलत म्हणून जात होते. नव्याने आलेला भाग ७,७७५ कोटींचा. काही अभ्यासक याकडे प्रामाणिकपणा म्हणून पाहतात: जे बिल वसूल होतच नव्हते, ते थकबाकीत कुजत ठेवण्यापेक्षा अनुदान म्हणून अर्थसंकल्पात उघड दिसलेले बरे. इतरांचे म्हणणे असे की साडेसात अश्वशक्तीच्या रेषेने मीटर बसवण्यातला उरलासुरला रसही संपवला. महसुली तुटीशी ताडून पाहिल्यास हा भार तिच्या जवळपास एक तृतीयांश भरतो.

खुले राहिलेले प्रश्न

तीन प्रश्नांवर अभ्यासकांत एकमत नाही आणि नजीकच्या काळात होण्याची चिन्हेही नाहीत. पहिला, चांगल्या पंपाने वाचलेली वीज प्रत्यक्षात किती टिकते. महाराष्ट्राच्या विहिरींवर अनेक हंगाम चालवलेली, मोठ्या नमुन्याची तुलनात्मक पाहणी या वादातल्या कोणत्याही बाजूने पुढे केलेली नाही. दुसरा, उद्योगांची बचत आणि छतावरील सौरऊर्जा यांनी घटणारे उत्पन्न राज्याच्या कर्जात किती भर घालते. हा परिणाम सर्व मानतात, त्याच्या आकाराबद्दल वाद आहे. तिसरा प्रश्न साठवणुकीचा. कर्जतजवळ भिवपुरीला १,००० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प उभारण्यासाठी टाटा पॉवरने राज्याशी २०२३ साली करार केला. दिवसा स्वस्त सौर विजेने पाणी वर चढवायचे, संध्याकाळी खाली सोडायचे. अशा केंद्रात घातलेल्या विजेच्या चार भागांतला जवळपास एक भाग परत येत नाही. युनिटांच्या हिशेबाने हा तोटा आहे आणि रुपयांच्या हिशेबाने नफा. कार्यक्षमता कशात मोजायची, हा जुना प्रश्न जुन्याच डोंगरावर पुन्हा उभा राहिला आहे.

यातल्या पहिल्या दोन्हींच्या मुळाशी पंपावर नसलेला मीटर आहे. तो नसल्याने कार्यक्षमतेच्या अभ्यासकाला बचत सिद्ध करता येत नाही आणि कर्जाच्या अभ्यासकाला अनुदान व चोरी वेगळी काढता येत नाही. मोफत वीज आणि मीटर एकत्र नांदू शकत नाहीत असे नाही. बिल शून्याचे असले तरी आकडा घेता येतो, किमान वाहिनीच्या टोकाला तरी. बळीराजा योजनेच्या शासन निर्णयात तिची मुदत मार्च २०२९ पर्यंत दिली आहे आणि तीन वर्षांनंतर आढावा घेण्याची तरतूद आहे.